न ओवलेली सुई

आक्का,

तुझ्या नावाआधी ‘मयत’ हा शब्द मी अद्याप लिहिलेला नाही. शेवगावच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून वारसाचे जे अर्ज मी आजवर लिहिले, त्यांत हा शब्द माझ्या टाकाखालून इतक्या वेळा गेला आहे की त्याचे वळण हाताला पाठ आहे. तुझ्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीच्या कारकुनाने मजकूर मागितला, तेव्हा मी कागद पुढे ओढला, तुझे नाव लिहिले, आणि नावाआधी तीन अक्षरांची जागा कोरी ठेवून कागद त्याच्या हाती दिला. “येथे काय घालावयाचे ते आपण घालावे,” असे म्हणालो. तो माझ्याकडे पाहतच राहिला. अपुरा कागद पुढे करणारा नाना त्याने प्रथमच पाहिला असावा.

आज लिहावयास बसलो, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. गोधडी पुरी झाली. माझी सुमन काल बाळाला घेऊन सासरी राहात्याला गेली, आणि बाळंतविड्यात तुझी गोधडी गेली. हे तुला प्रथम कळवणे माझे कर्तव्य होते.

तू गेलीस तेव्हा ती गोधडी मशीनवरच होती. मधल्या पाच ओळी तू मारल्या होत्यास, सहावी अर्ध्यावर होती, आणि सुई रिकामी होती. सुई रिकामी का होती हे घरात फक्त मला ठाऊक होते.

त्या दुपारी मी ओसरीवर जमिनीच्या मोजणीचा एक अवघड अर्ज लिहीत होतो. तू आतून हाक मारलीस, “नाना, जरा सुई ओवून दे रं.” मी मान वर न करता उत्तर दिले, “आक्का, त्या यंत्राची वेठ मी करणार नाही, हे तुला पूर्वीच सांगितले आहे.” तू “बरं” म्हणालीस. एवढेच. त्या “बरं”मध्ये राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या तू भिंतीला टेकलीस ती टेकलीसच. अर्ज मी त्या दुपारीच पुरा केला होता. अक्षर सुरेख आले होते.

यंत्रावरून आपले जे भांडण दोन वर्षे चालले, त्याचा निकाल लागला नाही. माझी बाजू तुला माहीत आहे. हाताने केलेल्या कामात करणारा उतरतो. यंत्राच्या कामात कोणीच उतरत नाही. हे मी अनेकांना पटवून दिले आहे. तुला पटवता आले नाही, कारण तू मुद्द्याला उत्तर न देता माणसाला उत्तर देत असस. दुष्काळाच्या त्या साली कचेरीपुढे माणसांची रीघ लागली आणि त्याच लिंबाच्या दुसऱ्या अंगाला एक टंकलेखक आपले यंत्र मांडून बसला. तू माझा डबा घेऊन आलीस, आणि दहा माणसांदेखत त्याच्या यंत्रापाशी वाकून म्हणालीस, “लई देखणं अक्षर पडतंय की हो. एक बी अक्षर दुसऱ्याच्या अंगावर जात न्हाई.” मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू ताट वाढताना विचारलेस, “भांडान माझ्याशी हाय का त्या खटखट्याशी?” मी म्हणालो की मी सातवीच्या परीक्षेला बसलेला मनुष्य आहे, अशा प्रश्नांना उत्तर देत नसतो. तू म्हणालीस, “बसला हुतास खरा. उठलास कवा, ते कुनाला ठावं न्हाई.”

आता खरे सांगतो. तुझ्या मशीनवर माझा राग नव्हता. त्या लिंबाखालच्या यंत्राला मी काही करू शकत नव्हतो, म्हणून घरातल्या यंत्रावर तो काढला.

गणपत शिंप्याने नवे मशीन घेतले आणि त्याचे जुने पायाचे मशीन तुझ्याकडे आले, तेव्हा ते तुझे खूळ आहे असे मी धरून चाललो. सबंध गल्लीत हाताच्या गोधडीला तुझ्यासारखा टाका नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढा, एकासारखा एक. मशीन येण्यापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, तुझी एक गोधडी उन्हात घातलेली पाहून मी सर्वांसमोर म्हणालो होतो, “आक्का, हे टाके आहेत की मैलाचे दगड?” सगळे हसले. तूही हसलीस. पुढच्याच आठवड्यात तू गणपतकडे मशीनचा विषय काढलास. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे अर्जाचा मजकूर जुळवणाऱ्या माझ्या डोक्यात आले नाही.

सुमनला दिवस गेले तेव्हा तू ही गोधडी धरलीस. सुमनची आई लहानपणीच गेलेली. तिचे हिरवे इरकली लुगडे तू इतकी वर्षे ट्रंकेत जपून ठेवले होतेस, ते वर घेतलेस. आत माझी जुनी धोतरे. मी म्हणालो, तान्ह्या बाळाला एवढी मोठी कशाला? तू म्हणालीस, “पोरगं वाढतंय. गोधडी वाढत न्हाई.” मग ट्रंकेतून आणखी एक वस्त्र काढून मांडीवर पसरलेस. तुझे निळे लुगडे, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले. “ह्ये खालून लावू का रं? पोराच्या अंगाला लई मऊ लागंल.”

मी काय उत्तर दिले, ते येथे जसेच्या तसे लिहिले पाहिजे. मी म्हणालो, “आक्का, बाळंतविड्यात विधवेचे वस्त्र जाऊ नये. राहात्याची माणसे काय म्हणतील?”

तू लुगड्याची घडी घातलीस. “खरं हाय,” म्हणालीस, आणि अस्तराला दुकानातून कोरे मांजरपाट आणवलेस. पंधरा वर्षांच्या सुमनला न्हाण आले तेव्हा जवळ तू होतीस. तिला गोवर निघाला तेव्हा सलग नऊ दिवस तू तिच्या उशापासून उठली नाहीस. तिच्या अंगाला तुझे वस्त्र चालले, तिच्या मुलाच्या अंगाला चालत नव्हते, आणि हे तुला सांगणारा तुझा सख्खा भाऊ होता.

तेरावा झाल्यावर सुमन म्हणाली, “नाना, मला बाळंतपणाचा सव्वा महिना झाल्याशिवाय मशीनवर बसता यायचं नाही. गणपतकाकांना द्या, ते चार दिवसांत करून देतील.” सासरची माणसे न्यायला येणार तो दिवस ठरलेला होता. माहेरची गोधडी अंगाखाली नसताना बाळाने सासरचा उंबरा ओलांडायचा, ही गोष्ट तुला चालली नसती. गणपतकडे देणे शहाणपणाचे होते. परंतु ती रिकामी सुई रोज जातायेता माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “मी करीन.” सुमन हसली नाही. हसली असती तर मी माघार घेतली असती.

सुई ओवायला मला अर्धी सकाळ लागली. मग मशीन चालेना. पाय हलवला की चाक उलटे फिरे आणि दोरा तुटे. चाकाला आधी हाताने आपल्याकडे गती द्यायची आणि मग पायाने धरायची, हे तू बोलता बोलता करीत असस. मी ते दोन वर्षे पाहिले आणि पाहिले नाही. ते जमल्यावर मी गोधडी नीट न्याहाळली. सबंध कापडावर लांब लांब पांढरे कच्चे टाके होते. मला ती खाडाखोड वाटली. स्वच्छ प्रत काढण्यापूर्वी कच्चा मजकूर खोडतात, तसे ते सर्व टाके मी नीटनेटकेपणाने ओढून काढले. मग वरच्या काठापासून आरंभ केला, कारण कागद वरून खाली लिहायचा असतो. समास सोडला. पहिली ओळ सरळ आली. दुसरी, तिसरीही आली. मला वाटले, यात आक्का एवढे काय मिरवत होती?

चौथ्या ओळीनंतर तुझ्या मधल्या ओळी जवळ आल्या आणि कापडाला जायला जागा उरली नाही. हिरवे लुगडे फुगून उभे राहिले. उलटून पाहिले तर खालचे मांजरपाट सुरकुतून म्हाताऱ्याच्या गालासारखे झालेले, आणि दोऱ्याचे सैल फास लोंबत होते. मी कापड मागून जोराने ओढू लागलो. सुई वाकली आणि मोडली.

गोधडी खांद्यावर टाकून मी भर बाजारातून गणपतकडे गेलो. अर्जनविसाच्या खांद्यावर गोधडी पाहून लोकांनी वाट सोडली. गणपतने ती उलगडली, उलटी करून पाहिली आणि म्हणाला, “नाना, कच्चा दोरा कुनी काढला?”

“मी काढला. वाईट दिसत होता.”

“दिसनारच. त्यो दिसायला न्हवता. तिन्ही थर एका जागी धरून ठिवायला हुता.” त्याने माझ्या ओळींवरून बोट फिरवले. “आन् ह्ये कडंपास्नं आत कशापायी आलात?”

“लिहिताना वरून खालीच येतात.”

“कागद वरून खाली असतोय. गोधडी मधून भाईर असती. मधी सुरुवात केली की चुनी कडंला सरकती, कडंवरनं सुटून जाती. तुमी चारी बाजूनं कोंडली, मग ती मधीच बसनार. आन् वढायचं न्हाई. मशीन काय कारकून हाय, दामटलं की काम व्हाया? खालचे दाते कापड नेत्यात. आपन नुस्ता हात ठिवायचा.”

त्याने जाड सुई दिली, जाड कापडासाठी कापड दाबणारा पाय सैल कसा करावा, टाका मोठा कसा करावा, वरच्या दोऱ्याचा ताण वाढवला की खालचे फास कसे जातात, हे तुकड्यावर करून दाखवले. “उरलेलं मी करू का?” म्हणाला. मी नको म्हणालो. तो म्हणाला, “मग आदी हे सारं उसवा. उसवायला लाज धरू नका. आक्कानं बी पैल्या वर्साला लई उसवलं.”

हे मला नवीन होते. तू उसवलेस केव्हा? मी कचेरीत असताना उसवत असली पाहिजेस. मी घरी येईपर्यंत सर्व शिवून होत असेल.

माझ्या धंद्यात चूक झाली तर तिच्यावर रेघ मारतात आणि समासात सही करतात; चूक तेथेच राहते, फक्त कबूल होते. उसवण्याची विद्या मला ठाऊक नव्हती. गणपतने खालच्या बाजूने दर चौथा टाका कापायला सांगितले होते, म्हणजे वरचा दोरा आपोआप निघतो. मी दोन ओळी तशा उसवल्या. तिसरीला घाई झाली. वरूनच पाते घातले, आणि ते दोऱ्याऐवजी लुगड्यात गेले. सुमनच्या आईच्या हिरव्या लुगड्याला चार बोटे चीर पडली.

सुमन बाळाला पाजून बाहेर आली, तिने चीर पाहिली. मी म्हणालो, “ठिगळ लावावे लागेल. माझ्या धोतराचे लावतो.” ती आत गेली आणि तुझे निळे लुगडे घेऊन आली. तुझी बाकीची वस्त्रे रिवाजाप्रमाणे दिली होती. हे तिने लपवून ठेवले होते.

“याचं लावा,” ती म्हणाली.

“सुमन, राहात्याला...”

“आत्यानं मला सांगितलं होतं, नाना. तुम्ही नको म्हणालात ते. ती म्हणाली, नाना बरोबर बोलला, त्याच्यावर रुसू नको.” मग म्हणाली, “मी रुसलेलीच आहे.”

मग तिने तुझा पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. दोऱ्याची रिळे, बॉबिन, खडू, आणि एक लांब दाभण. दाभणाचे नेढे टोकापाशी, आणि मागच्या बाजूला चिंध्या गुंडाळून गुंडाळून अंगठ्याएवढी मूठ केलेली. हे काय, असे मी विचारले. सुमनने स्वतःच्या हाताची बोटे अर्धवट मिटून दाखवली. “याच्यापुढं मिटत नव्हती तिची मूठ. तीन वर्षं. बारीक सुई धरवत नव्हती, म्हणून हे केलं. टाके मोठे पडायला लागले, म्हणून मशीन घेतलं. तुम्हाला सांगू नको म्हणाली.”

“का?”

“म्हणाली, नानाला कळलं तर दवाखान्याच्या नावानं अर्ज लिहील, आणि मला वाचून दाखवत बसंल.”

आक्का, मी लिहिला असता. आणि वाचून दाखवलाही असता. परंतु त्या दुपारी सुईही ओवून दिली असती.

निळे ठिगळ मी चिरेवर बसवले. कडा आत दुमडून, आधी कच्चा दोरा घालून, मग टीप. ठिगळाचे चारही कोपरे चार दिशांना पाहतात, तरी ते पक्के आहे. नंतर सर्व थर जमिनीवर पसरून, हाताने मधून बाहेर साफ करीत, वीत वीत अंतरावर कच्चे टाके घातले. तुझ्या अर्ध्या राहिलेल्या सहाव्या ओळीपासून पुढे निघालो. गोधडीचे ओझे टेबलावरून खाली लोंबले की टाके लहानमोठे पडतात, हेही कळले. म्हणून माझी अर्जांची पेटी स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर गोधडीचा भार दिला. त्या पेटीने आजवर एवढे उपयोगी काम केले नसेल. हात नुसता ठेवला. दाते कापड नेत राहिले. एका लयीत आवाज येत राहिला, आणि दोन वर्षे ज्या आवाजाने माझ्या मजकुरात व्यत्यय येतो अशी तक्रार मी करीत होतो, त्याच आवाजात मला प्रथमच घरी असल्यासारखे वाटले.

गोट लावताना पुन्हा एकदा उसवावे लागले. पट्टी ताणून लावली, तर कड परातीसारखी वर उचलली गेली. दुसऱ्या खेपेस पट्टी सैल सोडली, कोपऱ्यापाशी टीप थांबवली, पट्टीची तिरकी घडी घातली आणि मग वळलो. चौथा कोपरा तुझ्यासारखा आला. पहिले तीन माझ्यासारखे आहेत.

शेवटी एक वीतभर तोंड उघडे ठेवले होते. गोधडीचे पोट उपाशी मिटायचे नसते, हे तुझे नेहमीचे सांगणे. तुझ्या डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेला भाकरीचा कोरडा तुकडा सापडला. शाळूची पांढरी भाकरी. घरात आपण सर्वजण रेशनचा तांबडा मिलो जोंधळा गिळत होतो, त्या दिवसांत कोणाच्या तरी घरून आलेली चतकोर भाकरी तू खाल्ली नाहीस. जी गोधडी अजून धरलीही नव्हती तिच्यासाठी ठेवलीस. तो तुकडा आत सरकवला. आणि ते तोंड मी मशीनने मिटले नाही. तुझ्या चिंध्यांच्या मुठीच्या दाभणाने, हाताने मिटले. मैलाच्या दगडांएवढे टाके पडले. आपल्या भांडणात मी अर्धे कबूल करतो. उरलेल्या अर्ध्याचा पुरावा त्या वीतभर जागेत आहे.

परवा विहीणबाई न्यायला आल्या. बाळंतविडा मांडला. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि गोधडी उलगडली. हिरव्यावरचे निळे ठिगळ लांबूनही दिसत होते. त्यांनी त्यावर बोट ठेवले. “ह्यो तुकडा येगळा दिसतोय.”

सुमन माझ्याकडे पाहू लागली. उत्तर अनेक प्रकारे देता आले असते. मजकूर फिरवणे हा माझा धंदा आहे. मी म्हणालो, “ते माझ्या बहिणीच्या लुगड्याचे आहे. सुमनला तिनेच वाढवले. ही गोधडीही तिचीच. ती सबंध लुगडे घालणार होती. मी घालू दिले नाही. चूक माझी होती.”

विहीणबाईंनी ठिगळावरून तळवा फिरवला. त्यांच्या कपाळावर मोठे कुंकू आहे, आणि त्या कमी बोलणाऱ्या बाई आहेत. “लई मऊ हाय,” म्हणाल्या. मग गोधडीची घडी अशी घातली की निळे वर आले, आणि बाळाला उचलून त्याचे डोके बरोबर त्यावर ठेवले. “सबंद घालाया पायजे हुतं,” एवढेच म्हणाल्या.

काल एस.टी. सुटेपर्यंत मी उभा होतो. खिडकीतून निळ्याचा एक कोपरा दिसत होता.

आता घरात मशीन आहे आणि मी आहे. मी शिवणार काहीच नाही, आणि लिंबाखालच्या त्या टंकलेखकाशी अजून बोलत नाही; एवढ्यात सगळे बदलेल असे समजू नकोस. परंतु आज कचेरीत जाण्यापूर्वी मशीनपाशी बसलो, चष्मा लावला, दोऱ्याचे टोक ओले करून सुई ओवली, आणि दोरा वीतभर मागे सोडून ठेवला. उद्याही ओवीन. तू हाक मारण्याच्या आधी.

तुझा,
नाना